सात वाट्या आणि आमचा वाटा : संतुलित आहाराचा न सांगितलेला इतिहास



मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. एकूण सतरा तत्त्वं. सोबत एका दिवसाचं ताटही काढून दिलं. दोन हजार कॅलरीच्या या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असं प्रमाण आहे. सोयीसाठी आम्ही याला सात वाट्या म्हणतो.

सोलापुरातल्या एका वस्तीत अभ्यासवर्गाच्या वेळी आम्ही या सात वाट्या फळ्यावर काढल्या आणि बायांना विचारलं, तुमच्या घरी काल यातल्या किती वाट्या भरल्या? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "पोरांनो, ती पहिली वाटी तेवढी ठिवा, बाकीच्या पुसा."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी परतताना ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण पोषणावरचं कुठलंही भाषण ऐका, त्यात दोष आमच्याच लोकांना दिलेला असतो. यांना कळत नाही, यांना सवयी नाहीत, हे भाज्या खात नाहीत, पोरांना दूध देत नाहीत. संतुलित आहार म्हणजे जणू ज्ञानाचा प्रश्न, आणि आम्ही अडाणी म्हणून आमची पोरं अशक्त.

आमचं म्हणणं उलट आहे. कुणाच्या ताटात कुठली वाटी पडेल हे या देशात डॉक्टरने कधीच ठरवलं नाही. आधी ते जातीने ठरवलं, मग दुष्काळी कामावरच्या साहेबाने, मग मजुरीने आणि शेवटी शासन निर्णयाच्या कागदाने. हा इतिहास आमच्या तरुणांना माहीत नसेल तर ते आपल्याच आईच्या चुलीला दोष देत बसतील. म्हणून हा लेख.

गावगाड्याने भरलेली एकच वाटी

गावगाड्यात महाराला काय मिळायचं? वतनाची तुटपुंजी जमीन, सुगीत खळ्यावरचं बलुतं आणि येसकराच्या पाळीला घरोघर फिरून मागितलेली भाकरी. त्यातही शिळी, उरलेली. मेलेलं जनावर ओढण्याचं काम आमच्याकडे, आणि त्याचं मांस हाच त्या कामाचा मोबदला. मातंग, चर्मकार, ढोर, प्रत्येकाच्या कामाला असंच काहीतरी बांधलेलं.

आता हे पोषणाच्या भाषेत वाचा. गावगाड्याने आमच्या ताटात धान्याची वाटी टाकली, तीही शिळी. दुधासाठी जनावर हवं, जनावरासाठी चारा आणि जमीन हवी. भाजीसाठी विहीर हवी, आणि विहिरीवर तर पाऊल ठेवायची बंदी. फळासाठी बाग हवी. म्हणजे सातपैकी बहुतेक वाट्या जमीन आणि पाणी यांच्याशी बांधलेल्या, आणि जमीन-पाणी जातीशी बांधलेलं. चवदार तळ्याचा सत्याग्रह हा माणुसकीच्या हक्काचा होता हे आपण नेहमी सांगतो, आणि ते खरंच आहे. पण ज्याला पाणी नाही त्याच्या ताटात हिरवी भाजी नाही, हेही तितकंच खरं.

कुणी म्हणेल, हा गरिबीचा प्रश्न झाला, जातीचा नव्हे. त्यांनी बाबासाहेबांचा 'जातिनिर्मूलन' हा १९३६ चा ग्रंथ काढून वाचावा. त्यात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्याच जातभाईंना जेवण दिलं आणि पंगतीत तूप वाढलं. जेवण चालू असताना लाठ्या घेऊन सवर्ण हिंदू आले, अन्न नासवलं आणि जेवणाऱ्यांना झोडपलं. गुन्हा काय? अस्पृश्याने तूप वाढलं आणि अस्पृश्यांनी ते खाल्लं. तूप त्याच्या पैशाचं होतं, पाहुणे त्याचे होते. परवडण्याचा प्रश्नच नव्हता. स्निग्ध पदार्थांच्या वाटीवर त्याचा अधिकार नव्हता, एवढंच.

आणि सोलापूरचं म्हणाल तर शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' वाचा. लिंबाळे आपल्याच जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. १९८४ साली आलेल्या या आत्मकथनात जनावरांच्या शेणात न पचता पडलेले ज्वारीचे दाणे वेचून, धुऊन, वाळवून, दळून त्याची भाकरी करणारी आजी आहे. ज्या जिल्ह्याला मंगळवेढ्याच्या कोठारामुळे ज्वारीचा जिल्हा म्हणतात, जिथे मोहोळच्या केंद्रात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण राज्यभर गेलं, त्याच जिल्ह्यात हे घडत होतं. ज्वारी कमी नव्हती. ती ज्वारी पिकवणाऱ्या हातांपर्यंत शेणातून पोचत होती.

आमच्या आयाबायांचं पोषणशास्त्र

पण मग प्रश्न पडतो : एकाच वाटीवर माणसं जगली कशी?

केवळ ज्वारीवर माणूस जगत नाही, हे आता विज्ञानाने सिद्ध केलं आहे. दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा नावाचा आजार आढळायचा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, डोक्यावर परिणाम. नियासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो. हैदराबादच्या संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास त्यावर संशोधन करून ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाकडे बोट दाखवलं. आजार ज्वारी वाईट असल्यामुळे होत नव्हता. ताटात ज्वारीशिवाय दुसरं काहीच नव्हतं म्हणून होत होता.

आता सोलापूरची शेंगाचटणी आठवा. आज ती पाकिटात भरून मुंबई-पुण्याला जाते, पाहुण्यांना भेट म्हणून दिली जाते. पण ती मुळात गरिबाचं कोरड्यास. भाकरी आणि शेंगाचटणी, सोबत कांदा. शेंगदाण्यात नियासिन भरपूर, शंभर ग्रॅममागे चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं, वर तेल. ज्वारीत जे कमी आहे त्यातलं बरंच शेंगदाण्याने भरून निघतं. उखळात शेंगा कुटणाऱ्या बाईला नियासिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण कुठल्या भाकरीसोबत काय गेलं की अंगात ताकद राहते हे तिला अनुभवाने कळत होतं.

हुलगा घ्या. गावात तो बैलाला घालायचा, म्हणजे हलक्या दर्जाचा. आमच्या घरात त्याचं माडगं व्हायचं, शेंगोळ्या व्हायच्या. प्रथिनांत तो तुरीच्या बरोबरीचा. बांधावरची भाजी घ्या : तांदुळजा, घोळ, पाथरी, तरवटा, कोवळी करडई. ज्यांना मळा नव्हता त्यांनी रान हाच मळा केला. खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन यायची. हिरव्या पालेभाजीची वाटी अशी फुकट, पण घाम गाळून भरायची.

आणि मांसाचं काय? गावाने टाकून दिलेले भाग आमच्या चुलीवर आले : वजडी, काळीज, मुंडी, पाया, रक्त. रक्ती शिजायची, मांसाच्या चान्या उन्हात वाळवून पावसाळ्यासाठी ठेवल्या जायच्या. आज आहारतज्ज्ञ सांगतात की लोह सर्वात चांगलं अंगी लागतं ते मांस, काळीज आणि रक्तातलं, आणि बी-१२ हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिजन्य अन्नातून मिळतं. म्हणजे ज्याला 'घाण' म्हणून नाक मुरडलं गेलं, तोच भाग पोषणाने सर्वात भरलेला होता.

या चुलीची नोंद आता होते आहे. पुणे विद्यापीठाच्या सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तक काढलं. आपल्या शेजारच्या उस्मानाबादकडचे शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून महार-मांगांच्या स्वयंपाकघरातला एकेक पदार्थ कागदावर आणला. पुस्तकाच्या नावातच उत्तर आहे. ज्यांचं पोट भरलेलं होतं त्यांनी अन्नाला पूर्णब्रह्म म्हटलं. आमचं अपूर्णच राहिलं.

पण इथे आम्ही एक इशारा देतो. या गोष्टींचा अभिमान बाळगा, पण त्यांचा गौरव करताना भूक विसरू नका. रानभाजी रोज मिळत नव्हती. चान्या संपायच्या. बायका शेवटी जेवायच्या आणि तोवर कोरड्यास संपलेलं असायचं. आमच्या आयांनी शहाणपणाने एकाच्या दोन-तीन वाट्या केल्या, सात नाही केल्या. त्या सात झाल्या असत्या तर इतकी बाळं दगावली नसती.

महाडचा ठराव नेमका काय होता?

आज आमच्यातलेच काही शिकलेले लोक सांगतात, बाबासाहेबांनी मांसाहार सोडायला सांगितला होता. काही जण घरात अंडंसुद्धा येऊ देत नाहीत आणि त्याला 'सुधारणा' म्हणतात. म्हणून हा मुद्दा स्वच्छ केला पाहिजे.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नका, उष्टं-शिळं मागून खाऊ नका, असं सांगितलं. सोलापूर जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवरही पुढे मढं ओढणं बंद झालं आणि त्यापायी लोकांनी गावाचे बहिष्कार सोसले. हा आमच्या इतिहासातला सर्वात धाडसी आहारनिर्णय आहे. हातातली असलेली वाटी माणसांनी स्वतःहून पालथी घातली. पोट जळत असताना घातली. कारण त्या वाटीत अन्नासोबत गुलामी वाढलेली होती.

पण नकार मांसाला नव्हता. नकार मृतमांसाला होता, बलुत्याला होता, भीकेला होता. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडून दाखवला. एके काळी ब्राह्मणही गोमांस खात होते आणि शाकाहाराचं सोवळं हे बौद्ध धम्माशी चाललेल्या संघर्षातून आलं, अशी त्यांची मांडणी आहे. ज्या माणसाने शाकाहाराच्या श्रेष्ठत्वाचा पायाच खोदून काढला, त्याच्या नावाने आम्ही अंडं नाकारतो, याला काय म्हणावं?

स्वाभिमानाने स्वतःच्या पैशाने विकत आणलेलं ताजं मटण, मासळी, अंडं ही महाडच्या ठरावाची पुढची पायरी आहे. त्याच्याशी गद्दारी नाही.

साहेबाचा एक पौंड

गावाने आमची वाटी ठरवली, तशी सरकारनेही ठरवली. त्यासाठी महाडच्याही पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

१८७६ ला दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर हा सर्वात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. लोक दुष्काळी कामावर गेले. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल हा अधिकारी आला आणि त्याने काटकसरीसाठी ठरवलं की दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे पुरेत. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. हिशेब करा, जेमतेम सोळाशे कॅलरी. हैदराबादच्या संस्थेचं आजचं साधं ताट दोन हजारांचं आहे, आणि तेही खडी फोडणाऱ्यासाठी नाही.

मुंबई इलाख्यात मजुरांनी याविरुद्ध कामं सोडली. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी जाहीर सांगितलं की नुसत्या पौंडभर धान्यावर काम करणारा माणूस टिकणार नाही, त्याला धान्य वाढवा आणि सोबत डाळ-भाजीही द्या. सरकारी दप्तरात 'किती' सोबत 'काय काय' हा प्रश्न आला तो असा, उपाशी मजुरांच्या प्रेतांमुळे.

त्याच वर्षी जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम काढला आणि मे १८७७ मध्ये त्यासाठी मदतीचं आवाहन केलं. सावित्रीबाई जुन्नरच्या भागात दुष्काळात काम करत होत्या. आपल्याकडे पोरांना एकत्र बसवून जेवू घालण्याची परंपरा आहे ती ही. शालेय पोषण आहाराचं मूळ शोधायचं तर आम्ही धनकवडीत शोधू.

पुढे विज्ञान आलं. निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९२० च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. शीख, पठाण, मराठा, कानडी, बंगाली, मद्रासी असे आहार उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना दिले आणि त्यांची वाढ मोजली. शीख आहाराचे उंदीर सर्वात धडधाकट, मद्रासी आहाराचे सर्वात खुरटे, 'मराठा' आहार तिसरा. गहू, डाळ, दूध, लोणी, भाजी, अधूनमधून मांस असं विविध खाल्लं की शरीर उभं राहतं, हे त्यातून दिसलं. संशोधन मोलाचं होतं. पण त्यातला 'मराठा आहार' कुणाचा? एकाच गावात पाटलाच्या वाड्यात एक ताट आणि महारवाड्यात दुसरं. प्रयोगशाळेत प्रांताची पाटी लावली गेली, जातीची नाही. साहेबाने वाटी मोजली पण ती कुणाच्या हातात आहे ते विचारलं नाही.

त्याच संस्थेत पुढे डॉ. ऐक्रॉईड आले. १९३७ मध्ये त्यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. संतुलित आहाराची भाषा भारतात रुजली ती तिथून. हीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली. आम्ही फळ्यावर काढलेलं ताट तिचंच.

ताट आणि पगार

ऐक्रॉईड यांचं नाव आमच्या चळवळीच्या इतिहासात आणखी एका ठिकाणी येतं, आणि ते आमच्या फार थोड्या तरुणांना माहीत आहे.

१९२३ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचे फिंडले शिरस यांनी मुंबईच्या कामगारांच्या घरखर्चाचा अहवाल दिला. त्यात दिसलं की गिरणी कामगार जेवढं धान्य खातो ते दुष्काळी नियमांत सांगितल्याइतकंच आहे आणि तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्यापेक्षा कमी आहे. कैद्याला जास्त, कामगाराला कमी! सोलापूरही तेव्हा गिरण्यांचं गाव होतं. १८७७ ला सुरू झालेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. लगेच ऑगस्टमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद भरली. या परिषदेचं पंधरावं अधिवेशन १९५७ मध्ये दिल्लीत झालं. बाबासाहेब तेव्हा नव्हते. पण त्या अधिवेशनात ठरलं की किमान वेतन कसं काढायचं : ऐक्रॉईड यांनी सांगितलेल्या आहाराप्रमाणे, माणशी २७०० कॅलरीच्या हिशेबाने, तीन खाणाऱ्या एककांसाठी. सोबत कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड आणि घरभाडं.

याचा अर्थ लक्षात घ्या. आहार हा सल्ला राहिला नाही, पगाराचा हिशेब झाला. ताट भरेल इतका पगार द्यावाच लागेल. आमच्या मते संतुलित आहाराच्या इतिहासातला हा सर्वात क्रांतिकारक क्षण आहे.

त्यातही खोट होती. तीन एककं मोजताना पुरुष एक, बायको ०.८ आणि दोन पोरं प्रत्येकी ०.६ अशी बेरीज होती. म्हणजे दिवसभर विड्या वळणारी सोलापूरची बाई, जिच्या मजुरीवर घर चालतं, तिचं पोट नवऱ्यापेक्षा लहान धरलं. आणि पुढे तर सगळंच आकसलं. १९७९ मध्ये दारिद्र्यरेषेसाठी खेड्यात २४०० आणि शहरात २१०० कॅलरी धरल्या गेल्या. कॅलरी तर नुसत्या भाकरीतूनही मिळतात. ताट गेलं, आकडा उरला.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या आधीच्या पिढीने ते भोगलं. खडी फोडायची, परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी खायची, वर सुकडी. म्हातारी माणसं आजही मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात.

आजची वाटी

आज काय आहे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम. हे बलुतं नाही, कायद्याचा हक्क आहे. दारात उभं राहून मागावं लागत नाही. हा फरक मोठा आहे आणि तो आम्ही कधी कमी लेखणार नाही. पण वाटी कुठली भरली? तीच, पहिली. त्या कायद्यात भरडधान्य देण्याची तरतूद आहे, तरी ज्वारीच्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं गहू आणि तांदूळच हाती पडत आला. २०२३ मध्ये जगाने भरडधान्य वर्ष साजरं केलं, ज्वारीला 'श्रीअन्न' हे नाव मिळालं. आमच्या आजीची भाकरी श्रीमंत झाली आणि आमच्या ताटातून उठली. उजनीचं पाणी उसाला गेलं, साखर कारखाने वाढले, ज्वारीचं रान आटलं.

मांसाची वाटी? २०१५ मध्ये राज्यात गाईसोबत बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाचं सर्वात स्वस्त मांस कायद्याने महाग झालं.

आणि अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्या मुलांना केळं. कुणावर जबरदस्ती नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने सांगितलं की अंड्यासाठी आता सरकारी निधी नाही, हवं तर शाळांनी लोकवर्गणी काढावी. ज्या वस्तीत मुलाच्या वहीला पैसे नाहीत तिथे वर्गणी कोण काढणार?

आता अक्कलकोटच्या हद्दीवर उभे राहा. पलीकडे कर्नाटकातले कलबुर्गी आणि विजयपूर जिल्हे. तिथे २०२१ च्या अखेरीस शाळेत अंडी सुरू झाली. काही मठाधिपतींनी विरोध केला, सरकारने माघार घेतली नाही, आणि २०२४ पासून आठवड्याचे सहा दिवस अंडं मिळू लागलं. तीच माती, तीच ज्वारी, तीच माणसं. एका पोराला आठवड्याला सहा अंडी, दुसऱ्याला एकही नाही. हा पोषणशास्त्राचा फरक आहे की राजकारणाचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत. देशपातळीवर अनुसूचित जातींची सुमारे ३९ टक्के मुलं खुजी, तर जे एससी, एसटी, ओबीसी नाहीत त्यांची ३० टक्के. मधले नऊ टक्के 'सवयी'तून येत नाहीत. ते गावगाड्यातून येतात.

आम्ही काय करायचं?

पहिलं, घरात. सात वाट्या सोलापुरी मालाने भरता येतात, त्यासाठी दुकानातली पावडर लागत नाही. अडीच-तीन ज्वारीच्या भाकरी. तूर, मटकी किंवा हुलगा, आणि जमेल तेव्हा अंडं, काळीज, मासळी. मेथी, शेपू, करडई, अंबाडी, तांदुळजा. बोर, पेरू, सीताफळ, जे हंगामात स्वस्त असेल ते. ताक किंवा दूध. मूठभर शेंगदाणे. तेल दिवसाला माणशी पाच-सहा लहान चमचे, त्याहून जास्त नको. जेवणासोबत चहा नको, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. पोराच्या हातात दहाच्या नोटेसोबत कुरकुरीत पाकीट देण्यापेक्षा त्याच दहाचे शेंगदाणे द्या. आणि घरातल्या बाईने शेवटी जेवायची पद्धत आजपासून बंद. बाहेर समतेची भाषणं आणि घरात उरलेल्या रश्श्यावर बायको, ही आमच्यातली मनुस्मृती आहे.

दुसरं, वस्तीत. १४ एप्रिलला आपण अन्नदान करतो. यंदा बुंदीसोबत उकडलेलं अंडं आणि शेंगदाण्याची चिक्की ठेवा. एका मंडळाने डीजेचं एक दिवसाचं भाडं वाचवलं तर आसपासच्या शाळेतल्या पोरांना कितीतरी आठवडे अंडं देता येईल. पण हे सरकारची जबाबदारी उचलण्यासाठी नाही, सरकारला लाजवण्यासाठी करायचं.

तिसरं, रस्त्यावर. मागण्या चारच आहेत. शालेय आहारात सरकारी निधीतून अंडं. रेशनवर ज्वारी आणि डाळ. १९५७ च्या सूत्राप्रमाणे ताट भरेल इतकं किमान वेतन, विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांनाही. आणि बाईचं पूर्ण एक एकक. प्रत्येक ग्रामसभेत, प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीत हे ठराव मांडा. ठरावाची प्रत मागून घ्या, तारीख लिहा, जपून ठेवा.

त्या अभ्यासवर्गाच्या शेवटी आम्ही फळा पुसला नाही. सात वाट्या तशाच ठेवल्या आणि खाली लिहिलं : यातल्या सहा कुणी नेल्या? पुढच्या वर्गाला त्या आजी आल्या, चष्मा लावून त्यांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "आता इचारलंच हाय, तर आणा माघारी."

आणायच्याच आहेत. आमचा वाटा आम्ही मागत नाही, मोजून घेणार आहोत.

जय भीम! जय संविधान!